माकुल नि ऑक्टोपस पकडायचाय तर नीट पकडा (बेटसाठी, म्हणजे गरीच्या आमिषासाठी, असो वा ताटासाठी)

पावसाळा संपला, समुद्र निवळला, की जेट्टीवर गरीवाल्यांची गर्दी सुरू होते आणि त्याबरोबर हा वादही सुरू होतो. एक गट म्हणतो माकुल काय नि ऑक्टोपस काय, मासळीच ती, पकडा आणि खा, एवढा विचार कशाला. दुसरा गट डॉक्युमेंट्री बघून आलेला असतो, त्याला वाटतं ऑक्टोपसला हात लावणारा माणूसच राक्षस. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. मी माकुल पकडतो, खातो, बेटलाही वापरतो. ऑक्टोपस बेटला अजिबात वापरत नाही. का आणि कसं, ते खाली सांगतो, म्हणजे निदान भांडायचं तर नीट मुद्द्यावर भांडता येईल.

आधी नावांचं बघू, कारण गावागावात वेगळं ऐकू येतं. लांबट, नळीसारखा, आत प्लास्टिकसारखी पारदर्शक काडी असलेला तो स्क्विड, त्याला कुणी माकुल म्हणतं, कुणी म्हाकूल, कुणी नळ, गोव्यात माणके. रुंद पाठीचा, आत पांढरं हाड असलेला तो कटलफिश, त्यालाही बरेच जण माकुलच म्हणतात. (किनाऱ्यावर वाहून येणारं समुद्रफेन म्हणजे याचंच हाड, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात ते.) आणि आठ हातांचा, खडपातल्या, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांतल्या, भोकात बसणारा तो ऑक्टोपस. तिघं नात्यातले, पण पकडण्याच्या दृष्टीने एकदम वेगळे.

त्यांना दुखतं का?

हो. यावर आता फाटे फोडण्यात अर्थ नाही. 2021 मध्ये ऑक्टोपसवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका हातात ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते, टोचलं तर प्राणी ती जागा चोचीने कुरतडत बसला, आणि ज्या कप्प्यात हे झालं तो कप्पा आधी आवडीचा असूनही नंतर टाळायला लागला. बधिर करणारं औषध दिल्यावर मात्र हे वागणं थांबलं. नुसता झटका बसून हात मागे घेणं वेगळं, हे त्याच्या पुढचं झालं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या टीमने 300 हून जास्त शोधनिबंध चाळून सरकारला सांगितलं की या प्राण्यांना वेदना जाणवतात असं धरून चाला, आणि 2022 च्या त्यांच्या प्राणी संवेदना कायद्यात ऑक्टोपस, स्क्विड, खेकडे, शेवंड सगळे आले. युरोपात तर लॅबमधल्या ऑक्टोपसला 2013 पासूनच उंदरासारखं संरक्षण आहे.

आपल्याकडे काय? आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा, आणि त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी, असं सरळ लिहिलंय. खाण्यासाठी मारायला त्यात सूट आहे, पण विनाकारण वेदना न देता. म्हणजे कागदावर आपण ब्रिटनच्या साठेक वर्षं पुढे होतो, जेट्टीवर मात्र कुणाला पत्ता नाही.

हुशारीचा मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवतो. ऑक्टोपस झाकण उघडतो, चेहरे ओळखतो वगैरे सगळं ठीक आहे, पण बुद्धी मोजून जीव वाचवायचा ठरवला तर शेंगाळ्याने काय पाप केलंय? मला विचाराल तर दुखतं की नाही एवढंच बघायचं, आणि दुखत असेल तर किती वेळ दुखतं ते आपल्या हातात आहे.

कधी पकडायचा आणि कधी नाही

हे प्राणी झपाट्याने वाढतात नि लवकर मरतात. आपल्याकडच्या माकुलाचं आयुष्य साधारण वर्षभराचं. बहुतेक जातींत मादी आयुष्यात एकदाच अंडी घालायच्या हंगामात येते आणि नंतर संपते. ऑक्टोपसची मादी तर अंडी घातल्यावर खाणं सोडते, भोकाच्या तोंडाशी बसून अंड्यांवर पाणी मारत राहते, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. डोळ्यांजवळच्या एका ग्रंथीमुळे हे होतं, 1977 मध्ये एका शास्त्रज्ञाने ती ग्रंथी काढून बघितली तर मादी परत खायला लागली आणि जास्त जगली.

यावरून काही जण म्हणतात, मरणारच आहे तर आपण नेला म्हणून काय बिघडलं. अरे बाबा, अंडी घालून मेली आणि अंडी घालायच्या आधी मेली यात सगळी पुढची पिढी आली की! गोबऱ्यासारखा मासा वर्षानुवर्षं अंडी घालतो, एक वर्ष हुकलं तर पुढचं असतं. इथे पुढचं वर्ष नसतंच. उलट एवढी अंडी पार पडू दिली तर हा प्राणी माशांपेक्षा लवकर सावरतो. 1953 ते 2013 या काळातल्या जगभरच्या नोंदी एकत्र केल्यावर या कुळाची संख्या वाढत गेल्याचं दिसलं, बरेच मासे कमी होत असताना. त्यामुळे माकुल खाणं हे माझ्या मते समुद्राच्या हिशोबात तसं परवडणारं खाणं आहे, फक्त अंड्यांच्या वेळी हावरटपणा नको.

मादागास्करमध्ये हे करून बघितलंय. आंदावादोआका नावाच्या गावाने 2004 मध्ये रीफचा, म्हणजे प्रवाळाच्या खडकाचा, एक तुकडा काही महिन्यांसाठी ऑक्टोपस पकडायला बंद ठेवला. उघडल्यावर मोठे ऑक्टोपस मिळायला लागले तसं आजूबाजूच्या गावांनी पण तेच धरलं, आणि 2005 मध्ये देशभर 350 ग्रॅमखालचा ऑक्टोपस पकडायला बंदी आली, वर दरवर्षीचा बंद हंगाम. मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटावर 2012 पासून दोन महिने बंद असतो. मॉरिशसच्या मराठी मंडळींच्या घरात पण ही ऑक्टोपसची करी होते, तिकडे त्याला उरीट म्हणतात, त्यामुळे हंगामाची ही शिस्त त्यांना नवीन नाही. आणि खरं तर आपल्या कोळ्यांनाही नाही. नारळी पुनवेआधी होडी बाहेर काढायची नाही हा नियम सरकारच्या जीआरच्या कितीतरी आधीचा. आता 1 जून ते 31 जुलै अशी पश्चिम किनाऱ्यावर बंदी असते ती यांत्रिक बोटींना. खडकावर उभ्या राहिलेल्या गरीवाल्याला ती लागत नाही म्हणून काही जण याच दिवसांत जोरात उतरतात. कायद्याने चालेल, मला मात्र ते पटत नाही, शिवाय पावसाळ्यात खडपावरून पाय घसरला तर शोधायला पण कुणी जात नाही.

ओळखायचं कसं? माकुलाची अंडी पांढरट, जेलीसारख्या बोटांच्या जुड्यांसारखी दिसतात, दगडाला, दोरीला, जुन्या जाळ्याला चिकटलेली. कटलफिशची द्राक्षांच्या घडासारखी. ऑक्टोपसची भोकाच्या छताला लोंबणारी, बारीक तांदळाच्या लडींसारखी. अशी अंडी दिसली की तिथून गरी उचलायची, विषय संपला. जाळ्याबरोबर वर आली तर परत पाण्यात सोडा, उन्हात दगडावर टाकू नका. कर्नाटकच्या किनाऱ्यावर तर नारळाच्या झावळ्या-पेंड्या पाण्यात टांगून त्याखाली अंडी घालायला जमलेले कटलफिशच गरीने उचलायचा धंदा चालतो, त्यावरून तिथे ट्रॉलरवाले आणि गरीवाले यांची भांडणं झाली. ट्रॉलरवाल्यांची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही, पण इथे त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

साइजचं म्हणाल तर महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवलाय. तो तक्ता मत्स्यव्यवसाय खात्याकडून मिळवून मोबाईलमध्ये ठेवा. माझा स्वतःचा नियम सोपा आहे, माकुलाचं धड, म्हणजे डोकं आणि हात सोडून, माझ्या तळव्यापेक्षा लहान असेल तर परत पाण्यात. तळवा म्हणजे बोटं धरून नाही हं.

माकुल पकडताना

इगी म्हणतात तो कोळंबीसारखा जपानी जिग, म्हणजे खोटं आमिष, वापरा, अडीच किंवा तीन नंबर. त्याच्या शेपटीला वरच्या बाजूला वळलेल्या सुयांचं चक्र असतं, त्यांना टोकाशी उलटा काटा नसतो, त्यामुळे सोडायचा झाला तर पटकन सुटतो. साध्या तीनतोंडी गरीने हिसका मारून पोटात अडकवायचा प्रकार काही जण करतात, तो बंद करा, निम्मे फाटून सुटतात आणि पाण्यात जाऊन मरतात, ते ना तुमच्या ताटात ना समुद्राच्या. माकुल जिगला हातांनी धरतो, ते हात नाजूक असतात. वजन लागलं की हिसका न देता एका लयीत रीळ फिरवत राहा, थांबलात तर सुटतो आणि ओढलंत तर हात तुटून येतो.

लाइटचं बोलायलाच पाहिजे. माकुल उजेडाला येतो हे खरंय, जेट्टीच्या दिव्याखाली पाण्यात सावलीची कड असते ना, त्या कडेवरच तो उभा असतो, तिथे जिग टाका, पुरे. जनरेटर आणि हजारो वॅटचे एलईडी लावून मासेमारी करण्यावर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्येच बंदी घातलीय, तरी रात्री क्षितिजावर झगमगाट दिसतो तो दिसतोच, आणि त्याचा फटका बसतो रापणवाल्याला (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला) नि छोट्या होडीवाल्याला. आपण किनाऱ्यावरून पाण्यात बुडवायचे हिरवे दिवे सोडायचे आणि वर एलईडीवाल्यांना शिव्या घालायच्या, हे बरोबर दिसत नाही. जेट्टीचा दिवा नसेल तर चांदणं बघून जा.

वर आल्यावर पाणी नि शाई सोडणारी त्याची नळी दुसरीकडे करा नाहीतर शर्ट गेला, आणि शेजाऱ्याचा गेला तर मैत्री पण गेली. सोडायचा असेल तर ओल्या हाताने धडाला धरा, हातांना धरून लोंबकळवू नका, फोटो राहू द्या.

मारायचं कसं

हा भाग लोक टाळतात, आणि सगळा प्रश्न इथेच आहे. पकडून बादलीत टाकला, तो तासभर तडफडतोय, रंग बदलतोय, शाई सोडतोय आणि आपण चहा पितोय. काही जण गोड्या पाण्याच्या बादलीत टाकतात, काही पिशवीत घालून गाठ मारतात, काही जिवंतच दगडावर आपटतात. हे सगळं अनावश्यक आहे, कारण माकुल दोन सेकंदात मारता येतो.

एक टोकदार, पातळ हत्यार हवं, बारीक सुरी किंवा घासून टोक केलेला पेचकस चालतो. माकुल सपाट ओल्या फडक्यावर पाठ वर करून धरा. दोन डोळ्यांच्या मध्ये, किंचित मागे, टोक ठेवा. आधी धडाच्या दिशेने तिरकं घालायचं. बरोबर बसलं की बघत राहा, लालसर ठिपक्यांनी भरलेलं धड कुणीतरी दिवा बंद केल्यासारखं एका क्षणात पांढरंफटक होतं. मग तिथूनच टोक काढून हातांच्या दिशेने घाला, आता डोकं आणि हात पांढरे होतात. अर्धंच पांढरं झालं तर अर्धंच काम झालंय, परत घाला. जपानमध्ये मच्छीमार हेच करतात आणि त्याचं एक कारण चवीचं पण आहे, तडफडून मेलेल्यापेक्षा असा माल चांगला टिकतो. मग लगेच बर्फात, पण बर्फाला थेट चिकटवू नका, पिशवीत घालून ठेवा, बर्फाचं वितळलेलं गोडं पाणी लागलं की मांस पचपचीत होतं.

नुसता बर्फात टाकला तर मरत नाही का? मरतो, पण हळू. मोठा असेल तर बराच हळू. दुसरा काही उपाय नसेल तर बादलीभर बर्फात समुद्राचंच पाणी घालून त्यात टाका, नुसत्या बर्फावर ठेवण्यापेक्षा ते बरं. पण पेचकस खिशात मावतो, तेव्हा उपाय नव्हता असं सांगू नका.

ऑक्टोपसचं तत्त्व तेच, मेंदू डोळ्यांच्या मध्ये असतो, टोक तिथे जोरात घालून आत फिरवायचं. रंग उडतो, अंग सैल पडतं. पण हात वळवळत राहतात, बराच वेळ. त्याच्या साधारण 50 कोटी मज्जापेशींपैकी दोन तृतीयांश हातांमध्येच असतात त्यामुळे मेंदू गेला तरी हात आपापलं काम करत बसतात, ते बघून घाबरून लोक परत परत भोसकतात, गरज नाही. डोकं उलटं करून आतडी ओढायची पद्धत जुनी आहे, पण तिच्यात मेंदू शाबूत राहतो. तसं करू नका.

ऑक्टोपस खडपातून काढताना

मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उधाणाच्या दिवसांत, खडपातली भोकं उघडी पडतात. भोकासमोर खेकड्याच्या पाठी, फुटलेल्या शिंपल्यांचा ढीग दिसला की आत कुणीतरी राहतंय समजा. आधी टॉर्च मारून छताकडे बघा. अंड्यांच्या लडी असतील तर ती मादी आहे आणि ती हलणार नाही, पळून पण जाणार नाही, म्हणूनच तिला पकडणं सगळ्यात सोपं असतं, आणि म्हणूनच पकडायची नाही.

अंडी नसतील तरच पुढे. आकडा घालून ओढायची पद्धत सगळीकडे चालते, पण आकड्याने निम्मे हात तुटतात आणि प्राणी आत खोल जाऊन बसतो, मग लोक पहार आणून दगड फोडतात. तो दगड म्हणजे नुसता दगड नाही, कालवं, शिनाणे, खेकडे सगळ्यांचं घर आहे, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोपसचं पण. भोकात ब्लीचिंग किंवा मोरचूद सोडणाऱ्याला तर मी माणसात धरत नाही. काठीच्या टोकाला खेकडा बांधून भोकासमोर हलवा, बाहेर आला तर आला, नाही आला तर तो जिंकला. उलटलेला दगड जसा होता तसा परत ठेवा, खालची बाजू खाली.

हातमोजे घाला, हातांच्या मधोमध चोच असते आणि चावा विषारी असू शकतो. अंगावर निळी वलयं असलेला बारीक ऑक्टोपस कुठेही दिसला तर हात लावू नका, त्याचं विष माणूस मारतं आणि त्यावर उतारा नाही.

आणि जागा बघा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, तिथे दगड उलटणं, आकडा घालणं विसरा. अभयारण्याबाहेर पण जिथे लोक पाण्याखाली बघायला उतरतात तिथे पकडू नका. सिएटलमध्ये 2012 साली एका पोराने रीतसर लायसन्स घेऊन डायव्हर लोकांच्या लाडक्या जागेतून मोठा ऑक्टोपस उचलला, खायला. कायद्याने एकदम बरोबर होता. पण शहर पेटलं, आणि 2013 मध्ये अशा 7 जागांवर बंदीच आली. तारकर्लीला स्कूबावाल्या पोराचं पोट ज्या ऑक्टोपसवर चालतं तो आपण एका रश्शात संपवायचा, हे शेजाऱ्याच्या ताटात हात घालणं झालं.

बेटचं काय

ऑक्टोपस बेटला नको, या मताला मी चिकटून आहे. गरीवर तो टिकतो, मासा ओढून नेऊ शकत नाही, सगळं मान्य. पण तांबोशी, गोबरा, शेंगाळा यातला एकही मासा असा नाही जो माकुलाच्या पट्टीला येत नाही. मग स्वस्तात काम होत असताना महागडा जीव कशाला. खायचा असेल तर पकडा, निदान पूर्ण खाल तरी.

जिवंत माकुल गरीला लावणं पण मी करत नाही. मोठा मासा जास्त लागतो हे खरंय, पण पाठीत गरी अडकवून अर्धा तास पोहायला लावायचं, हे वर जे लिहिलं त्यात बसत नाही. मेलेला, ताजा, नीट कापलेला माकुल चांगलं काम करतो.

आता बरेच जण म्हणतील, मग आम्ही बाजारातून फ्रोजन घेतो, आमचे हात साफ. तसं नाही हो. तो ट्रॉलरचा माल आहे, तिथे कुणी पेचकस घेऊन बसलेलं नसतं, जाळ्यात चेंगरून आणि डेकवर गुदमरून मेलेला असतो. फ्रोजन बेट सोयीचं आहे, मी पण घेतो, पण ते जास्त पुण्याचं आहे असं म्हणू नका. त्यातल्या त्यात बरं हवं तर रापण ओढली जाते तिथे सकाळी उभे राहा, खायला कुणी घेत नाही असा लहान किंवा फाटलेला माकुल मच्छीमार कमी पैशात देतो, तो आधीच मेलेला असतो आणि नाहीतर फेकलाच जाणार असतो.

वापरताना वाया घालवू नका. धड उभं चिरून उघडा, काडी काढा, साल ठेवा, सालीनेच पट्टी मजबूत राहते. बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या कापा, एका टोकाला निमुळत्या. गरी रुंद टोकातून एकदाच घाला, गुंडाळून गोळा केलात तर पाण्यात हलत नाही. हातांचा झुपका एका गरीला, पंख एका गरीला. डोकं उरतं ते पगोळीत, म्हणजे खेकडे पकडायच्या जाळीत. धड चांगलं मोठं असेल तर बेटला डोकं-हात घ्या आणि धड घरी न्या, रिंग कापून तिखट-मीठ-रवा लावून गरम तेलात दोन मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही नाहीतर रबर होतं, आणि झालंच रबर तर मग नाइलाजाने वाटण घालून अर्धा-पाऊण तास शिजवा, परत मऊ होतं.

उरलेल्या पट्ट्यांना जाडं मीठ चोळा, सुटलेलं पाणी ओतून द्या, वर्तमानपत्रात नको, झिप पिशवीत एका वेळेला लागतील तेवढ्याच भरून फ्रीझरला टाका. पिशवीवर तारीख लिहा आणि घरच्यांना सांगून ठेवा की हे बेट आहे.